कॅन्टीन ठेक्याने देण्याआधी आमचा हिशेब वाचा

प्रति,
अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार आणि कमिटीचे सर्व सभासद,
आपल्या गावचा क्रिकेट संघ;
तसेच मुंबईकर मंडळातली समस्त मंडळी.

विषय : टुर्नामेंटचं कॅन्टीन बाहेरच्या केटररला देण्याबाबत, आणि त्या निमित्ताने निघालेल्या इतर गोष्टींबाबत.

तुमच्यातल्या निम्म्यांना नमस्कार आणि निम्म्यांना आशीर्वाद. आशीर्वाद ज्यांना, त्यांची शेंबडी नाकं मी पुसलेली आहेत. तेव्हा पत्रात कुठे सूर चढला तर तेवढा माझा हक्क समजा.

गेल्या रविवारी देवळाच्या सभामंडपात तुमची मीटिंग झाली. नेहमीप्रमाणे सात वाजता आमच्याकडे निरोप आला, "काकी, बावीस चाय." बावीस कप चहा आणि डबाभर बटर घेऊन माझी धाकटी जाऊ गेली आणि कप गोळा होईपर्यंत खांबाला टेकून उभी राहिली. परत येऊन तिनं सांगितलं ते असं. पहिलं बक्षीस पन्नास हजाराचं यंदा पाऊण लाख होणार. मोटरसायकलचा लकी ड्रॉ निघणार, कूपन शंभर रुपयांचं. आणि कॅन्टीन तालुक्याच्या एका केटररला द्यायचं, तो पंधरा हजार रोख आधीच मोजतोय, "म्हणजे बायकांना पण त्रास नको."

त्या शेवटच्या वाक्यानं माझी झोप उडाली. अकरा वर्षं आम्ही सड्यावर, त्या कातळाच्या माळावर, चूल मांडतोय, आणि आमचा त्रास कुणाला तरी दिसला तो नेमका पंधरा हजारांच्या नोटा समोर आल्यावर!

मीटिंगला आम्हाला बोलावणं नसतं, म्हणून हे पत्र ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावतेय. रेशनच्या रांगेत उभं राहून वाचता येईल. मुंबईकरांना कुणीतरी फोटो काढून पाठवीलच.

आधी आकडे. खजिनदार भाऊंनी मागच्या वर्षीचा हिशेब मे महिन्यात वाचून दाखवला तेव्हा मी मागच्या ओट्यावर होते. बचत गटाची वही हातात होतीच, तिच्या पुठ्ठ्यावर सगळं उतरून घेतलं. चोवीस टीम, एन्ट्री तीन हजार, झाले ७२ हजार. प्रायोजकांनी कबूल केले ४०, हातात आले २६. एकूण ९८ हजार. आता खर्च. पहिलं-दुसरं बक्षीस मिळून ७५ हजार. मॅन ऑफ द मॅच, मॅन ऑफ द सिरीज वगैरे ८. चषक १४. जेसीबी, रोलर आणि पाण्याचे टँकर १२. साउंड आणि समालोचक १५. तीन दिवसांचं लाइव्ह १८. मांडव ९, बॉल आणि अंपायर ८, शाली आणि नारळ साडेचार. बेरीज १ लाख ६३ हजार ५००. म्हणजे साडेपासष्ट हजारांचा खड्डा.

तो भरला कुणी? गावच्या वर्गणीचे ३८ हजार त्यात गेले, कॅन्टीनचे २१ हजार ४०० गेले, आणि उरलेले ६ हजार १०० मुंबईकर मंडळाच्या खात्यातून आले. पत्रिकेवर तर ठळक अक्षरात छापलं होतं, 'मैदान विकास निधीसाठी'. त्या निधीतून मैदानाला काय मिळालं? बाउंड्रीच्या कडेचा तो फुटका ड्रम सुद्धा आमच्या गोठ्यातला आहे.

मी गणितात हुशार नव्हते. पण गटाचं कर्ज फेडता फेडता एक कळलंय, की पैसा येतो दिसणं वेगळं आणि राहतो दिसणं वेगळं. आपली टुर्नामेंट हा पैसे जमवायचा कार्यक्रम नाहीच. तो पैसे खर्च करायचा कार्यक्रम आहे, आणि खर्च करायला काही हरकत नाही, गावाला वर्षातून तीन दिवस जत्रा हवीच. फक्त तिला निधी म्हणू नका.

आता ते २१ हजार ४०० कसे आले ते सांगते, कारण वहीत त्यांची एकच ओळ आहे, 'कॅन्टीन जमा'.

शुक्रवारी मॅच सुरू होणार म्हणून गुरुवारी रात्री दीड पोतं बटाटा उकडायला लागतो. गरम असतानाच सोलावा लागतो, गार झाला की साल मांसासकट निघते. एका हातात बटाटा, बाजूला गार पाण्याचं पातेलं, बोटं बुडवायची आणि सोलायचं. चौदा बायका बसल्या तरी बारा वाजतात. पहाटे चारला फोडणी. पावाच्या लाद्या तालुक्याहून पहिल्या एसटीनं येतात, त्या उतरवायला कुणीतरी बॅटरी घेऊन तिठ्यावर उभं राहायचं. मग सगळा पसारा टेम्पोतून वर सड्यावर. तिथला वारा तुम्हाला बॉल स्विंग करायला बरा, आम्हाला नाही. शेगडीला तिन्ही बाजूंनी पत्रा उभा केल्याशिवाय तेल तापत नाही. एकदा पत्रा पडला आणि अर्धा घाणा कच्चाच राहिला. त्या वर्षी सेमीफायनलला निळ्या टोपीतल्या एका पाहुण्यानं "वडा आतून थंड आहे" म्हणून माइकवरून टोमणा मारला होता. मी विसरलेले नाही.

सिलिंडर आम्ही एकोणीस किलोचे व्यावसायिकच आणतो, दोन. घरचे लाल चालवा म्हणून मागे कुणीतरी सुचवलं होतं. मी नको म्हटलं. तिथं शेदोनशे माणूस उभं असतं. गटाची अन्न परवान्याची नोंदणीही आहे, वर्षाला शंभर रुपये भरतो. हे सगळं तुमच्या 'बायका वडे तळतात' या तीन शब्दांत बसत नाही, म्हणून लिहिलं.

वडापाव पंधरा रुपये, चहा दहा, उसळ-पाव तीस, दुपारचं जेवण ऐंशी. तीन दिवसांत अकराशेच्या आसपास वडे गेले. सामान, सिलिंडर, टेम्पो वजा जाऊन जे राहिलं ते पै न पै संघाला दिलं. त्याशिवाय अंपायर, स्कोअरर, समालोचक, साउंडवाला, लाइव्हवाली तीन पोरं, पाहुणे आणि पाहुण्यांचे ड्रायव्हर मिळून रोजची चाळीस ताटं फुकट. तीन दिवसांची एकशेवीस. केटरर ही ताटं फुकट घालणार आहे का, हे मीटिंगमध्ये कुणी विचारलं? मी त्याला फोन करून विचारलं. शंभर रुपये ताट म्हणाला. झाले बारा हजार. खजिनदार भाऊ, पंधरातून बारा गेले की राहतात किती?

अजून एक बेरीज राहिली. गावात लावणीला बाईमाणसाला दिवसाचे ३०० रुपये मिळतात. चौदा बायका, तीन दिवस, १२ हजार ६००. फुकटची ताटं आमच्याच दरानं ९ हजार ६००. वर रोख २१ हजार ४००. एकूण ४३ हजार ६००. मैदानावरचा सगळ्यात मोठा फ्लेक्स, दहा बाय वीसचा, ज्यांचा होता त्यांनी अकरा कबूल करून पाच दिले. आमच्या गटाचं नाव कुठे होतं? कॅन्टीनवर दोरीला एक पुठ्ठा टांगला होता. त्यावर लिहिलं होतं, 'उधार मागू नये'.

नावासाठी रडत नाही. पण देणगीदार म्हणून हिशेबात धरत नाही, तेव्हाच तर पंधरा हजार मोठे दिसतात.

तुमच्यातल्या पंचविशीच्या पोरांना वाटतं की टुर्नामेंट, चषक आणि बक्षिसाची रक्कम हेच क्रिकेट गावात पहिल्यापासून आहे. तसं नाही. माझे सासरे गिरणीत होते. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला, वर्षभर वाट बघितली आणि मग बिऱ्हाड घेऊन गावी आले. पत्र्याच्या ट्रंकेत भांड्यांबरोबर एक बॅट होती, मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली. सड्यावर तेव्हा खेळायला मैदान नव्हतं, नुसता कातळ होता. भात कापून झालं की खालच्या मळ्यात बांध मोडून खेळायचे आणि पावसाआधी बांध परत घालून द्यायचे. शिमग्याला चाकरमानी आले की पालखी देवळात परतल्याच्या दुसऱ्या दिवशी लग्न झालेले विरुद्ध बिनलग्नाचे अशी मॅच. हरेल त्यानं कोंबड्यांचे पैसे द्यायचे. जेवण वाडीवर. भाकऱ्या प्रत्येक घरातून, तांदळाच्या, फडक्यात बांधून. वाढपी हरलेली टीम. माझं लग्न होऊन मी आले त्या पहिल्या शिमग्यात माझे यजमान पहिल्यांदा लग्नवाल्यांकडून खेळले आणि पहिल्याच बॉलवर गेले. सासरे म्हणाले, "पायगुण चांगला आहे, कोंबड्या आता रीतसर खाऊ."

जेवून झालं की घोंगडीवर एक थाळी फिरायची. कुणी दोन रुपये, कुणी पाच. त्यातून पुढच्या वर्षीचे बॉल. पावती नव्हती, फ्लेक्स नव्हता, आणि एक रुपया कमी पडल्याचं कधी ऐकलं नाही. कारण जेवलेला माणूस थाळी रिकामी पुढे सरकवत नाही.

मैदान आलं ते नमनातून, आपल्या गाण्यानाचाच्या लोकनाट्यातून. मुंबईकर मंडळातल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. परळच्या दामोदर नाट्यगृहात आपल्या गावच्या नमनाचा मदतीचा खेळ लावला होता. महिनाभर आधी इथं देवळात तालीम, मग सगळे एसटीनं मुंबईला, गावाच्या खोलीत चटईला चटई लावून झोपलेले. तिकिटं मंडळाच्या माणसांनी लालबाग-परळच्या चाळींतून खोली खोली फिरून विकली. खेळाला गणपती नाचला तेव्हा पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या उभ्या राहिल्या. गवळणीत पेंद्या घसरला, ते लिहिण्यासारखं नाही. त्या एका रात्रीतून खर्च वजा जाऊन जे हातात राहिलं त्यातून सड्यावरचा कातळ फोडला गेला, सिमेंटची खेळपट्टी झाली, आणि बॅटा ठेवायची ती पत्र्याची खोली झाली. आजही तीच आहे. दामोदर १९२२ सालचं, २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झालं. आपली खेळपट्टी आहे अजून, फक्त तिला मध्ये भेग गेलीय, आणि ती बुजवायला गेल्या तीन टुर्नामेंटमधून पैसे निघाले नाहीत.

क्रिकेटला गाण्याबजावण्याचा पैसा लागतो यात कमीपणा नाही. १९८३ साली कपिलदेवच्या पोरांनी लॉर्ड्सवर वर्ल्ड कप उचलला तेव्हा आपल्या क्रिकेट बोर्डाकडे त्यांना द्यायला पैसा नव्हता. बोर्डाचे अध्यक्ष होते आपल्या नागपूरचे एन. के. पी. साळवे. मग दिल्लीत लतादीदींचा कार्यक्रम ठेवला, दीदींनी मानधन घेतलं नाही, आणि जमलेल्या पैशातून खेळाडूंना एकेक लाख मिळाले. जग जिंकलेल्या टीमचं बक्षीस एका गाण्याच्या रात्रीतून निघालं. आपण मात्र नमनाच्या पोरांना टुर्नामेंटच्या रात्री 'वेळ उरला तर' म्हणून ताटकळत ठेवतो आणि डीजेला आधी पैसे देतो. त्या डीजेचंही एक सांगते. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद हा नियम २००० सालापासूनचा आहे. मागच्या वर्षी बक्षीस समारंभ साडेअकराला संपला, आणि खालच्या वाडीत पाच मुलं दहावीच्या पेपरला बसलेली होती. त्यातली एक माझी नात.

बक्षीस पाऊण लाख का, तर मोठ्या टीम येतील. मोठ्या टीम म्हणजे कोण ते मी तीन दिवस वडे देताना बघितलंय. एका टीममध्ये गावचे चार आणि भाड्याचे सात. ते सात जण गाडीतून येतात, मॅच मारतात, पुढच्या गावच्या टुर्नामेंटला जातात. त्यांना दोष देत नाही. २०२४ च्या मार्चमध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर टेनिस बॉलची स्ट्रीट प्रीमियर लीग सुरू झाली, तेव्हापासून प्रत्येक पोराला वाटतं की कुणीतरी आपला व्हिडिओ बघतंय. वाटू दे. चांगलं खेळतात, मला बघायला आवडतं, तेलावरून नजर हटते. पण आपली स्वतःची टीम मागच्या वर्षी पहिल्या मॅचला साडेनऊ वाजता बाद झाली आणि उरलेले तीन दिवस आपल्याच मैदानावर खुर्च्या लावत होती. खुर्च्या लावायला, पार्किंगला, पाहुण्यांना फेटे बांधायला. फायनल अडवून चाळीस मिनिटं सत्कार चालले होते. बिचारा बॅट्समन क्रीजवर हेल्मेट काढून घालून, काढून घालून शेवटी खाली बसला. मी त्याला चहा पाठवला. तो तुमच्या हिशेबात नाही, माझ्याही नाही.

आणि त्याच टुर्नामेंटमध्ये आपल्या वाडीतला एक मुलगा कॅच घ्यायला मागे धावला आणि कातळावर आपटला. खांद्याचं हाड मोडलं. मैदानात तीन कॅमेरे होते, एक उडणारा. पट्टी एकही नव्हती. प्रथमोपचाराची पेटी कुठाय विचारलं तर सेक्रेटरी म्हणाले, "गेल्या वर्षी होती." माझ्या पुतणीच्या ओढणीनं हात गळ्यात बांधला, सरबताचा बर्फ फडक्यात घालून लावला, आणि बटाट्याची रिकामी पोती बाजूला सारून त्याला आमच्याच टेम्पोत घातला. दवाखान्याचा खर्च त्याच्या आईनं गटाकडून कर्ज काढून भागवला. अजून हप्ते चालू आहेत. लाइव्हवर तो कॅच सुटला म्हणून समालोचक हळहळला होता, तो व्हिडिओ तुमच्याकडे असेलच.

लकी ड्रॉचं थोडक्यात. माझी मुलगी रत्नागिरीला वकिलाकडे कामाला आहे, तिला विचारलं. परवानगीशिवाय लॉटरी चालवणं हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं २९७ कलम, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कूपनाला 'देणगी प्रवेशिका' नाव दिलं म्हणून ती लॉटरी राहत नाही असं होत नाही. तिनं मला उलट विचारलं, "आई, गणपतीच्या वर्गणीला सुद्धा मंडळं धर्मादाय कार्यालयाची ४१ क ची परवानगी काढतात. तुमच्या संघाचं पावतीपुस्तक कशावर छापलंय?" मला उत्तर देता आलं नाही. अध्यक्षांना येत असेल तर त्यांनी याच फळ्यावर लावावं. संघाची नोंदणी करून घ्या, वर्षाला ऑडिट होऊ दे. मग तुमच्यावर संशय घ्यायला माझ्यासारखीला जागाच उरणार नाही.

माझा भाचा नोकरीसाठी इंग्लंडात आहे. तिथं तो एका खेड्यातल्या क्लबाकडून शनिवारी खेळतो. तिकडे खेडेगावांच्या क्लबांची वेगळी स्पर्धाच असते, १९७२ पासून, आणि तिची फायनल लॉर्ड्सवर खेळतात. मला त्याहून गंमत वाटली ती चहाची. दोन डावांच्या मध्ये अख्खी मॅच थांबते आणि दोन्ही टीम एकत्र बसून चहा घेतात, बरोबर सँडविच, केक, पाळीपाळीनं कुणाच्या तरी घरचं. क्लबाला पैसा लागला की प्रश्नमंजुषेची रात्र ठेवतात, जेवण ठेवतात, घरचे केक विकतात. २०२० च्या कोविडच्या हंगामात तो चहा बंद झाला. पुढे कित्येक ठिकाणी पुन्हा सुरूच झाला नाही. करायला माणूस मिळेना, आणि ज्याला त्याला आपापला डबा आणणं सोपं वाटलं. भाचा म्हणतो, "मावशी, आता मॅच लवकर संपते, पण समोरच्या टीममधल्या एकाचंही नाव कळत नाही." फोनवर हे ऐकलं तेव्हा मला नुसती गंमत वाटली होती. रविवारी जाऊ ट्रे घेऊन परत आली तेव्हा त्याचं ते वाक्य आठवलं.

केटररचा वडा वाईट असेल असं माझं म्हणणं नाही. कदाचित आमच्यापेक्षा बरा असेल, गरम तर नक्की. पण त्याच्याकडे गावातली माणसं का येतील? आमच्याकडे येतात ती वड्याला नाही येत. वरच्या वाडीतली आणि खालच्या वाडीतली माणसं पाणंदीच्या भांडणापासून एकमेकांच्या घरी जात नाहीत. ती वर्षातून एकदा एकाच बाकड्यावर बसून उसळ खातात, कारण बाकडं एकच आहे आणि वाढणारी दोन्ही वाड्यांची आहे. वर्गणीची पावती फाडायला पोरं त्याच बाकड्यापाशी येतात, हे तुमच्या लक्षात आलंय का? ३८ हजारांतले निम्मे तिथं फाटलेत. केटररचं कॅन्टीन आलं की ती पावती तुम्हाला दारोदार फिरून फाडायला लागेल, आणि दारात कुत्रं आहे.

तेव्हा आमचं म्हणणं असं. मोठी टुर्नामेंट करायची तर करा, एक वर्षाआड करा. मधल्या वर्षी वाडी विरुद्ध वाडी खेळा, एन्ट्री नको, पहिल्याला बोकड, दुसऱ्याला कोंबडा, आणि तो बोकड दोघांनी मिळून खायचा. त्या रात्री नमन. तिकीट ठेवा, आम्ही विकतो. जेवणाचं कूपन घरटी एक, भाकरी ज्याची त्यानं आणायची, सागुती आणि सोलकढी आमच्याकडे. त्या दिवशीचा पैसा खेळपट्टीची भेग, प्रथमोपचाराची पेटी आणि त्या मुलाच्या दवाखान्याचे उरलेले हप्ते, या तिन्हींवरच खर्च करायचा. मुंबईकरांनी रोख पाठवू नये. कुणी मॅट पाठवा, कुणी पॅड, कुणी पेटी. वस्तू आली की दिसते.

संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकवाचे दिवस असतात. यंदा आम्ही ते सड्यावर करणार आहोत आणि त्याच दुपारी बायकांची अंडरआर्म मॅच ठेवणार आहोत, माहेरवाशिणी विरुद्ध सासुरवाशिणी. हसू नका. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून वर्ल्ड कप घेतला, त्या रात्री माझ्या नातीनं अंगणात धुण्याची काठी फिरवून दोन कुंड्या फोडल्या. तिला बॅट पाहिजे आहे, आणि संघाच्या खोलीची चावी मागायला गेली तर "मुलींना कशाला" म्हणून परत पाठवली. चावी त्या दिवशी आम्हाला लागेल. वाणात यंदा प्लास्टिकचे डबे न देता टेनिस बॉल द्यावेत असा एक विचार आहे, दोन सासवांचा विरोध आहे, बघू.

आणि हिशेब देवळाच्या भिंतीवर लावा. गुढीपाडव्याला, पंचांग वाचतात त्याच्या आधी. जमा, खर्च, शिल्लक. 'कॅन्टीन जमा' या ओळीखाली चौदा नावं येऊ द्यात.

कॅन्टीनचा ठराव अजून लेखी झालेला नाही असं कळतं. केटररकडून उचल घेतली असेल तर ती परत देणं जड जाईल हे समजतं, तो शब्दाचा माणूस असेल. त्याला सांगा, फायनलच्या दिवशी आइस्क्रीमची गाडी लाव, तेवढं आम्हाला जमत नाही.

गटाची मोठी दोन पातेली आणि कढई देवळाच्या माळ्यावर आहेत. आमचं ठरेपर्यंत ती तिथंच राहतील. किल्ली माझ्याकडे आहे.

येत्या रविवारी सात वाजता मीटिंग आहे ना? आम्ही चौदा जणी येतोय. चहाचं तेवढं तुमच्यापैकी कुणीतरी बघा. आमच्यासकट छत्तीस कप लागतील, साखर बेताची.

आपली,
गावातल्या बचत गटाची अध्यक्ष,
आणि अकरा वर्षं तुमच्या कॅन्टीनवरची काकी